अभयदान आणि एका पिसाची परीक्षा

पर्युषण पर्व जवळ आले की आपल्या घराघरांत जीवदयेचा विषय निघतो. कोणी पांजरापोळीत चाऱ्याची रक्कम लिहवतो, कोणी पक्ष्यांसाठी बाजरी आणि पाण्याची परळे ठेवतो. काही कुटुंबे मात्र अजूनही बाजारातून पिंजराभर पोपट विकत घेतात आणि नदीकाठी किंवा एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी नेऊन ते आकाशात सोडतात. दार लहान मुलांच्या हातून उघडले जाते, हिरवे पंख फडफडतात, सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. पकडलेल्या जीवाला मोकळे करण्यासारखे दुसरे पुण्य कोणते, असे कोणालाही वाटावे.

पण तो पोपट पिंजऱ्यात कोठून आला, किती दिवस होता, कोणाशेजारी बसला होता आणि बाहेर जाताना स्वतःबरोबर काय घेऊन गेला, हे प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारत नाही. नाशिकच्या आसमंतात राघूंचे थवे काही दुर्मीळ नाहीत. गोदाकाठच्या जुन्या वड-पिंपळांवर संध्याकाळी त्यांचा कलकलाट असतो, द्राक्षबागा आणि पेरूच्या वाड्यांवर ते दिवसा उतरतात, म्हसरूळच्या गजपंथ डोंगराकडे जातानाही डोक्यावरून तीरासारखे निघून जातात. ही पाखरे रात्री एकट्याने राहत नाहीत. शेकडोंनी एकाच झाडावर मुक्काम करतात. आपण सोडलेला पक्षी जगला, तर तो त्याच मुक्कामाला जाऊन बसतो, आणि तो आजारी असेल तर त्याचा आजारही तेथेच पोहोचतो.

पोपटवर्गीय पक्ष्यांच्या विषाणूजन्य रोगांत सर्वांत कुप्रसिद्ध रोग चोच आणि पिसांचा आहे. पशुवैद्यक त्याला पीबीएफडी म्हणतात. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील काकाकुवांमध्ये त्याचे वैद्यकीय वर्णन झाले. त्याचा विषाणू सर्कोव्हायरस गटातला असून त्याचे सारे जनुकीय लिखाण सुमारे दोन हजार अक्षरांचे आहे. आपल्या दुकानातील एका दिवसाच्या रोजकीर्दीतही याहून अधिक अक्षरे भरतील. एवढ्याशा मजकुरावर हा जीव-निर्जीवाच्या सीमेवरचा कण पिसे उगवण्याच्या मुळाशी जाऊन बसतो, नवीन पीस वेडेवाकडे आणतो, चोच ठिसूळ करतो आणि रोगप्रतिकाराची शक्ती खाऊन टाकतो. पिल्ले काही दिवसांतच दगावू शकतात. मोठे पक्षी महिनोन्‌महिने झिजतात, आणि शेवटी भलत्याच जंतुसंसर्गाने मरतात.

या रोगाची दोन लक्षणे घरच्या माणसालाही ओळखता येण्यासारखी आहेत. कंटाळलेला किंवा एकाकी पोपट स्वतःची पिसे उपटतो हे अनेकांना ठाऊक आहे, परंतु त्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. एकट्या ठेवलेल्या पोपटाच्या छातीवरची पिसे गेली आणि डोके शाबूत असले तर कारण बहुधा मनाचे किंवा आहाराचे असते. डोक्यावरचीही पिसे झडत असतील तर संशय विषाणूकडे वळतो. दुसरे लक्षण फसवे आहे. हिरव्या पक्ष्याच्या अंगावर मध्येच पिवळी पिसे दिसू लागतात आणि मालक हरखून जातो की आपला राघू काही तरी विशेष निघाला. असा रंगबदल केवळ आहारातील उणिवेनेही होऊ शकतो. हिरवी मिरची, हरभऱ्याची डाळ आणि सूर्यफुलाच्या बिया एवढ्यावर वर्षानुवर्षे ठेवलेल्या पक्ष्याला जीवनसत्त्व अ पुरेसे मिळत नाही. (मिरची तिखट लागत नाही म्हणून तो ती आनंदाने खातो, एवढेच.) म्हणजे डोळ्यांनी पाहून निदान होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे दार ठोठावावे लागते.

ही काळजी कागदोपत्री नाही, हे मॉरिशस बेटावर दिसून आले. त्या बेटावर एको नावाचा पोपट आहे, जगात दुसरीकडे कोठेही नाही. मागील शतकाच्या उत्तरार्धात त्याची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. संरक्षकांनी अनेक वर्षे घरटी सांभाळून, पिल्ले हाताने वाढवून ती शेकड्यांत नेली. २००५ च्या सुमारास त्याच पक्ष्यांत चोच-पिसांच्या रोगाची साथ आली आणि पिल्ले मरू लागली. बेटावर आणखी एक पोपट राहत होता, पिंजऱ्यातून सुटून तेथे स्थायिक झालेला. तो म्हणजे आपला गळ्यात कंठी असलेला राघू. संशोधकांनी दोघांच्या शरीरातील विषाणूंची तुलना केली तेव्हा तोच विषाणू या पाहुण्याच्या अंगीही आढळला. ऑस्ट्रेलियाने तर २००१ मध्येच संकटग्रस्त पोपटांना धोका पोहोचवणाऱ्या प्रमुख कारणांच्या सरकारी यादीत या रोगाची नोंद केली होती.

आता परीक्षा कशी होते ते पाहू. पक्ष्याच्या छातीवरची चार-पाच ताजी पिसे मुळातील ओलसर गरासह उपटली जातात, किंवा नखातून अथवा शिरेतून रक्ताचा एखादा थेंब काढून तो विशिष्ट कागदावर टिपला जातो. काही रोगांसाठी घशातून आणि विष्ठामार्गातून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. कामाला दोन-चार मिनिटे लागतात. पक्ष्याला घाबरवणे टळत नाही, पण सराईत हात असेल तर इजा होत नाही. हे काम पशुवैद्यकानेच करावे. गळून पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली पिसे मात्र पाठवू नयेत, कारण त्यांवर शेजारच्या पक्ष्याची धूळ बसलेली असते आणि आजारी कोण हेच मग कळत नाही.

प्रयोगशाळेत त्या गरातून जनुकीय द्रव्य वेगळे करून त्यावर पीसीआर होते. २०२० नंतर हा शब्द आपल्या आजी-आजोबांनाही पाठ झाला आहे, पण त्यातील हिशेब मात्र फार थोड्यांना कोणी समजावून सांगितला. तो अस्सल व्यापारी हिशेब आहे, चक्रवाढीचा. अमेरिकेतील कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या या युक्तीत विषाणूच्या ठरावीक तुकड्याची प्रत्येक फेरीला दुप्पट होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीस फेऱ्या पूर्ण झाल्या की मुळातील एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती झालेल्या असतात आणि यंत्राला त्या सहज दिसतात. मुद्दल शून्य असेल तर तीस फेऱ्यांनंतरही शून्यच. या कल्पनेसाठी त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

चक्रवाढीचा एक धोका व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. मुद्दलातच खोट असेल तर तीही तितक्याच पटीने वाढते. नमुना घेणाऱ्याच्या हातमोज्यावर दुसऱ्या पक्ष्याच्या पिसांची धूळ असेल तर निरोगी पक्षी रोगी ठरतो. याच्या उलटही घडते. बोर्नाव्हायरस हा पोपटाच्या जठराच्या नसा लुळ्या करणारा विषाणू आहे. पक्षी खातो, पण दाणे न पचता तसेच बाहेर पडतात आणि तो हाडांचा सापळा होतो. या आजाराचे कारण कित्येक वर्षे गूढ होते, ते २००८ मध्ये उलगडले. हा विषाणू विष्ठेतून रोज बाहेर पडत नाही. आज बोळा फिरवला आणि काही सापडले नाही, म्हणजे पक्षी निर्दोष असे होत नाही. म्हणून अशा संशयात वेगवेगळ्या दिवसांचे नमुने घेतात आणि रक्तातील प्रतिपिंडेही तपासतात. पॉलिओमाव्हायरस बजरीगर पक्ष्यांच्या पिल्लांना झपाट्याने मारतो, मोठ्या पक्ष्यांत मात्र लक्षणांशिवाय राहू शकतो. हर्पिस गटातील एक विषाणू असा की पोपट काल दिवसभर बोलत होता आणि आज सकाळी मेलेला आढळला. त्याचे वाहकही बाहेरून धडधाकट दिसतात.

नमुन्यांची सरमिसळ काय घोटाळा करते याची एक गाजलेली हकीकत आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील विलगीकरण केंद्रात काही परदेशी पक्षी दगावले. सुरिनामहून आलेला पोपट एच५एन१ बर्ड फ्ल्यूने मेला, अशी बातमी जगभर झाली. पुढे चौकशीत निघाले की पोपटाचे आणि तैवानहून आलेल्या मेसिया नावाच्या लहान पक्ष्यांचे अवयव एकत्र करून तपासले गेले होते. विषाणू बहुधा त्या लहान पक्ष्यांतला होता, पोपट विनाकारण आरोपी ठरला. तोवर युरोपीय संघाने रानटी पक्ष्यांची आयात थांबवली होती, आणि २००७ मध्ये ती बंदी कायम झाली. त्या बंदीमुळे लाखो पाखरांची धरपकड टळली, हे खरे. तरीही एका नळीवरच्या चिठ्ठीचे मोल किती असते, ते या प्रकरणात दिसले.

बर्ड फ्ल्यू म्हटले की आपल्या भागाला नवापूर आठवते. नंदुरबार जिल्हा नाशिक विभागातच येतो. भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू तेथील कोंबड्यांत आढळल्याचे १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले. ती खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने दिली होती. आज ती राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या नावाने ओळखली जाते. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. २०२१ च्या आरंभी पुन्हा साथ आली. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, नवापूर पुन्हा सापडले, आणि त्या काळात पशुसंवर्धन विभागाच्या दैनंदिन निवेदनांत कोंबड्यांबरोबर कावळे, बगळे आणि पोपट यांच्याही मृत्यूची नोंद येत असे. महाराष्ट्रातील नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागात आणि तेथून भोपाळला जातात. एच५ गटाच्या विषाणूबाबत अंतिम शब्द भोपाळचा असतो. नाशिकहून पुण्यापर्यंतचा प्रवास दोनशे किलोमीटरहून थोडा अधिक आहे. बर्फाच्या डब्यात नमुना ठेवला असेल तर तो सुखरूप पोहोचतो, उन्हात गाडीच्या डिकीत पडला तर वाया जातो.

येथे आपल्या समाजाला टोचणारा भाग येतो. निकाल होकारार्थी आला की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव कोंबड्या नष्ट करण्याचा शासकीय आदेश निघतो. चाचणी म्हणजे मृत्युदंडाची नोटीस, मग ती करावीच कशाला, असे म्हणणारे श्रावक मला भेटले आहेत. त्यांची वेदना खोटी नाही. मात्र न तपासलेला विषाणू थांबत नाही. तो पुढच्या गावात जातो आणि तेथील परिघ नव्याने आखावा लागतो. १९७१ साली दक्षिण कॅलिफोर्नियात आयात केलेल्या पोपटांसह आलेला मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, विषाणू वेळेवर पकडला गेला नाही. साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले. आणि कोंबड्यांशी आपला संबंध नाही असे म्हणून हात झटकणेही अवघड आहे. येवला, लासलगाव, मनमाडच्या आडतीवर मोजला जाणारा मका कोणत्या खाद्याच्या कारखान्यात जातो हे आपल्यापैकी अनेकांच्या वह्यांत लिहिलेले असते.

सुदैवाने पोपटांच्या नेहमीच्या विषाणूंचे तसे नाही. चोच-पिसांचा रोग, पॉलिओमा, बोर्ना यांचा निकाल होकारार्थी आला म्हणून पक्ष्याला मारण्याची सक्ती कोणी करत नाही, आणि हे विषाणू माणसाला होत नाहीत. चाचणीचा उपयोग वेगळे ठेवण्यासाठी आहे. चोच-पिसांच्या रोगात तर एक आशेची वाट आहे. बाहेरून निरोगी दिसणारा पक्षी होकारार्थी निघाला, तर सुमारे नव्वद दिवसांनी पुन्हा परीक्षा करतात, कारण काही पक्षी विषाणूला स्वतः परतवून लावतात. पहिल्या कागदावर विसंबून त्याला कायमचा रोगी ठरवणे अन्यायाचे होईल.

माणसाला लागणारा पोपटांचा खरा आजार विषाणूचा नाहीच, तो क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा आहे. १९२९-३० च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतील पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला, माणसे न्युमोनियाने मेली, आणि शोध घेणारे प्रयोगशाळेतील कर्मचारीही आजारी पडले. त्या काळी तो विषाणूच समजला जात होता. आज त्यावर औषध आहे, पक्ष्यांना साधारण पंचेचाळीस दिवस द्यावे लागते. म्हणून पशुवैद्यक बहुधा विषाणूंच्या यादीबरोबर याचीही चाचणी सुचवतात. घरात पक्षी असेल आणि कोणाचा ताप व खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगावे.

कायद्याचा भाग थोडक्यात. आपला राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, जांभळ्या डोक्याचा पोपट, हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा असून त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सोडण्यासाठी विकत घेतला, हा बचाव कायद्यात नाही. धर्मातही तो फारसा टिकत नाही. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिले नाव बंधाचे आहे. आपण दहा पोपट सोडवण्यासाठी पैसे मोजतो, तेव्हा पारध्याला पुढच्या वीस पोपटांसाठी जाळे लावण्याची उचल मिळते. मागणी आली की पुरवठा येतो, हे आपल्याला इतरांनी शिकवण्याची गरज नाही. बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड हे परदेशी पक्षी पाळण्याला त्या कायद्याची बंदी नाही, पण त्यांना आकाशात सोडणे म्हणजे दयेच्या नावाने मरणाला धाडणे आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या त्या जीवाला अन्न शोधता येत नाही. कावळा आणि शिक्रा त्याला दिवसभरही जगू देत नाहीत.

मग जखमी, पतंगाच्या मांजात अडकलेला किंवा कोणाच्या पिंजऱ्यातून सुटका झालेला देशी पोपट हाती आला तर काय करावे? येवला आणि नाशिकच्या संक्रांतीनंतर हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याला सुती कापड पसरलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वन विभागाला कळवावे. घरच्या पाळीव पक्ष्यांच्या खोलीत तो नेऊ नये. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील जैन पक्षी रुग्णालयात गेल्या शतकापासून जखमी पक्षी बरे करून सोडले जातात. असे केंद्र आपल्या एखाद्या संघाने सुरू करायचे ठरवले तर दानपेटीतून सर्वांत आधी संगमरवरी पाटीऐवजी एक स्वतंत्र खोली बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा आलेला पक्षी तेथे निदान तीस ते पंचेचाळीस दिवस राहील, त्याची चाचणी तेथेच होईल, आणि निकाल येण्यापूर्वी तो इतरांत मिसळणार नाही.

त्या खोलीचे नियम आपल्या स्वयंपाकघरातील शिस्तीहून कठीण नाहीत. दाणा-पाणी आधी निरोग्यांना, मग नव्या पाहुण्यांना, शेवटी आजाऱ्यांना. वाट्या, झाडू, हातपुसणे प्रत्येक खोलीचे वेगळे. बर्ड फ्ल्यूच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते, तो साबणाने नष्ट होतो. चोच-पिसांच्या विषाणूला तसे आवरणच नाही. साबण आणि फिनेलला तो दाद देत नाही, वाळलेल्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. तेथे आधी घाण पूर्ण धुऊन मग क्लोरीनयुक्त द्रावण लावावे लागते, पक्षी दुसरीकडे हलवून. पिसांची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

पक्षी मेला तर त्याला लगेच पुरू नये. कारण ठाऊक नसलेला मृत्यू पुढच्या पिंजऱ्यात पुन्हा घडतो. मृत पक्षी हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावा आणि बर्फाजवळ थंड ठेवावा, पण गोठवू नये. गोठलेल्या अवयवांच्या पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. एकाच वेळी अनेक कावळे, बगळे किंवा पोपट मेलेले दिसले, तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन विभागाला १९६२ या क्रमांकावर कळवावे.

नमुन्यासोबत जो अर्ज जातो त्यात पक्ष्याची जात, अंदाजे वय, आल्याची तारीख, आणण्याचे ठिकाण, आहार, खोलीतील एकूण पक्षी आणि गेल्या महिन्यातील मृत्यू विचारलेले असतात. पुष्कळ ठिकाणी हे रकाने रिकामे जातात आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला केवळ एका नळीवरून अंदाज बांधावा लागतो. ज्या समाजात धान्याच्या प्रत्येक पोत्याची आवक-जावक तारखेनिशी लिहिली जाते, त्याला पक्ष्यांची अशी वही ठेवणे जड जाऊ नये. पहिला रकाना आवकेचा, दुसरा पायातील कड्याच्या क्रमांकाचा, तिसरा नमुना पाठवल्याच्या तारखेचा, आणि चौथा सोडण्याच्या तारखेचा, जो निकाल हाती येईपर्यंत कोराच ठेवायचा.